आमची वाटचाल : एक स्लॉट मोकळा ठेवायचा

सांगलीत १९९६ साली आम्ही दुकान सुरू केले, तेव्हा फलकावर ‘टीव्ही व टेपरेकॉर्डर दुरुस्ती’ ही अक्षरे मोठी होती आणि ‘संगणक जोडून मिळेल’ हे वाक्य रंगाऱ्याने खाली उरलेल्या जागेत दाटीवाटीने बसवले होते. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलो होतो, धाकट्या भावाने पुण्यात हार्डवेअर दुरुस्तीच्या वर्गात सहा महिने काढले होते आणि वडिलांनी त्या वर्षीच्या हळदीच्या पट्टीतून काढून दिलेले तीस हजार रुपये एवढेच आमचे भांडवल होते.

नामांकित कंपनीचा संगणक घ्यायचा तर त्या वेळी साठ-सत्तर हजार मोजावे लागत. तोच आम्ही सुटे भाग आणून पंचेचाळीस हजारांच्या आत जोडून देत असू. भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येत. भाऊ रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघे, दिवसभर दहा दुकाने फिरून भाव काढी आणि दुसऱ्या रात्री हार्ड डिस्क मांडीवर घेऊन परत येई, कारण पहिल्याच खेपेला डिकीत ठेवलेली डिस्क सांगलीत पोहोचेपर्यंत कायमची मुकी झाली होती. पुढे भाव उतरत गेले, त्यात आमचे कर्तृत्व फारसे नव्हते. भारत १९९७ साली माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणक व त्याच्या बहुतेक भागांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. मधूनच उलटेही होई. सप्टेंबर १९९९ मध्ये चिप बनवणाऱ्या तैवानला भूकंप झाला आणि त्या आठवड्यात मुंबईचा व्यापारी रॅमचा, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीचा, भाव फोनवर सांगेना. ‘माणूस पाठवा, मग बघू’ एवढेच म्हणे. हळदीचा भाव पावसावर ठरतो हे आम्हाला ठाऊक होते, रॅमचा भाव भूकंपावर ठरतो हे तेव्हा कळले.

आमच्या धंद्याची दिशा मात्र नफ्याने नव्हे, एका चुकीने ठरवली. २००१ च्या सुरुवातीला एका प्रशिक्षण केंद्राने आमच्याकडे दहा संगणक मागितले. तोपर्यंतचे ते सर्वांत मोठे काम होते आणि ते हातचे जाऊ नये म्हणून आम्ही प्रत्येक मशीनमागे मिळेल तेवढा रुपया वाचवला. मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य बोर्डावर, रॅमचे दोन स्लॉट (खाचा) होते. ६४ एमबीची एक रॅम घेण्याऐवजी जुन्या साठ्यातल्या ३२ एमबीच्या दोन स्वस्तात मिळत होत्या, म्हणून त्या दोन्ही स्लॉटमध्ये बसवल्या. वेगळे डिस्प्ले कार्ड न लावता डिस्प्ले मदरबोर्डवरचाच होता, आणि असा डिस्प्ले स्वतःच्या कामासाठी रॅममधूनच ८ एमबी काढून घेतो, याकडे आम्ही काणाडोळा केला, कारण विंडोज ९८ ला राहिलेली ५६ एमबी पुरून उरत होती.

त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला विंडोज एक्सपी बाजारात आले. त्याची किमान गरज ६४ एमबी होती आणि नीट चालायला १२८ एमबी लागेल असे कंपनीच सांगत होती. पुढच्या उन्हाळ्यात केंद्राच्या विद्यार्थ्यांना एक्सपी शिकवण्याची वेळ आली, तेव्हा आमच्या दहाही मशीनवर वर्ड उघडेपर्यंत विद्यार्थी बाहेर जाऊन पाणी पिऊन येत. वाढवायला जावे तर एकही स्लॉट मोकळा नव्हता; बसवलेल्या वीस रॅम काढून टाकायच्या आणि दहा नव्या घ्यायच्या एवढाच मार्ग होता. केंद्राचे सर शांतपणे म्हणाले, “स्वस्त दिलंत खरं, पण वर्ष-सव्वा वर्षातच आम्हाला दुसऱ्यांदा खरेदी करायला लावलीत.” त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते. निम्मा खर्च आम्ही सोसला. त्या वीस रॅमपैकी काही अजून दुकानाच्या ड्रॉवरमध्ये आहेत.

तेव्हापासून दुकानात एक नियम झाला की ग्राहकाचे बजेट कितीही तंग असले तरी रॅमचा एक स्लॉट मोकळा ठेवायचा, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) गरजेपेक्षा एक पायरी वरचा द्यायचा आणि बचत करायचीच तर ती कॅबिनेट, कीबोर्ड, स्पीकर यांत करायची, कारण ते पुढे केव्हाही बदलता येतात. नियम सोपा आहे, पण ग्राहकाला दुकानात चकचकीत कॅबिनेट दिसते आणि मोकळा स्लॉट दिसत नाही, त्यामुळे तो पाळताना आम्ही बरीच गिऱ्हाइके गमावली.

एक्सपीने आमच्या कामात आणखी एक भर घातली. तोपर्यंत मराठी टंकलेखन म्हणजे श्रीलिपी किंवा आयएसएम ही स्वतःचे वेगळे फॉन्ट वापरणारी सॉफ्टवेअर. एका फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर नेला की सगळा चिन्हांचा कचरा दिसे. एक्सपीमध्ये युनिकोड, म्हणजे अक्षरांच्या सर्वमान्य संकेतांची, देवनागरी होती, मंगल फॉन्ट होता, इनस्क्रिप्ट कळफलक होता; मात्र ही सोय आपोआप चालू नसे. रीजनल सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि नेमकी त्याच क्षणी मशीन विंडोजची सीडी मागे. ग्राहकाकडे सीडी कुठून असणार? म्हणून आम्ही प्रत्येक मशीन देण्यापूर्वीच देवनागरी चालू करून, सीडीवरचा आय३८६ हा फोल्डर हार्ड डिस्कवर ठेवून देऊ लागलो. दहा मिनिटांच्या या कामाचे आम्ही कधी पैसे घेतले नाहीत, पण आसपासच्या शाळांचे मुख्याध्यापक आमच्या दुकानापर्यंत आले ते त्यामुळेच.

त्या काळातली एक गोष्ट मात्र झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जोडलेला संगणक स्वस्त पडण्यामागे विंडोजची नक्कल हेही एक कारण होते आणि आम्हीही त्याला अपवाद नव्हतो. २००५ च्या एप्रिलमध्ये व्हॅट आला, व्यापारी पक्की बिले मागू लागले, तेव्हा आम्ही विंडोजच्या परवान्याची रक्कम बिलात वेगळ्या ओळीवर लिहायला सुरुवात केली. ती ओळ वाचून अनेक जण शेजारच्या दुकानात गेले. काही परतले, काही नाही.

भारनियमनाची वर्षे, फुगलेले कपॅसिटर, रोजची दुरुस्ती हे सगळ्यांनीच भोगले आहे, त्यावर फार लिहीत नाही. त्यापेक्षा एका पतसंस्थेची हकिकत सांगतो, कारण नव्या सॉफ्टवेअरसाठी मशीन तयार करणे म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरला वाऱ्यावर सोडणे नव्हे, हे आम्ही तिथे शिकलो. २०१२ च्या सुमारास संस्थेने नवा संगणक घेतला. आम्ही त्यावर ६४ बिटचे विंडोज ७ टाकून दिले. दुसऱ्याच दिवशी व्यवस्थापकांचा फोन आला, “अहो, मशीन नवं आणि व्याजाचा तक्ता निघेना, हे कसं?” संस्थेचे सगळे हिशेब विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीवरच्या फॉक्सप्रो या सॉफ्टवेअरमध्ये होते आणि ६४ बिटचे विंडोज डॉसचे १६ बिटी प्रोग्रॅम चालवतच नाही. ३२ बिटचे विंडोज टाकावे तर बसवलेल्या ४ जीबी रॅमपैकी सव्वातीनच्या आसपासच वापरता येई. आम्ही ते नुकसान पत्करून ३२ बिट टाकले. काही वर्षांनी नव्या मशीनवर डॉसचे प्रोग्रॅम चालवणारे डॉसबॉक्स वापरून पाहिले. तक्ता पडद्यावर नीट दिसे, पण १३२ रकान्यांच्या डॉट मॅट्रिक्सवर तो सरळ छापून घेण्यात माझ्या भावाचे तीन रविवार गेले.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली आणि आमच्या दुकानात छातीएवढे पाणी होते. ओसरल्यावर गावभरातून मशीन आली, काही पोत्यांत घालून. चिखल वाळू न देता बोर्ड साध्या पाण्याने धुवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मग दोन दिवस सावलीत वाळवायचा आणि तोपर्यंत वीज अजिबात द्यायची नाही, या पद्धतीने आम्ही बरेच बोर्ड वाचवले. जे वाचले नाहीत त्यांच्या मालकांना नवी मशीन परवडणार नव्हती. म्हणून आम्ही पुण्याहून आणि बंगळुरूहून, मोठ्या कार्यालयांत लीज संपलेले ब्रँडेड संगणक आणू लागलो. आतून साफ करायचे, थर्मल पेस्ट बदलायची, घड्याळाचा सेल बदलायचा, हार्ड डिस्कच्या जागी तिच्याहून वेगवान एसएसडी टाकायची आणि नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत द्यायचे. टाळेबंदीत शाळा ऑनलाइन झाल्या, तेव्हा हीच मशीन हातोहात गेली.

मग पुन्हा ठेच लागली. २४ जून २०२१ रोजी विंडोज ११ जाहीर झाले, तेव्हा आमच्याकडे इंटेलच्या सहाव्या पिढीतली चाळीस मशीन पडून होती. त्यांत ८ जीबी रॅम होती, एसएसडी होती, मोकळा स्लॉट होता, बऱ्याच मशीनमध्ये विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयसुद्धा चालू करून घेता येत होती. फक्त प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा, म्हणून कंपनीच्या यादीबाहेर. आमचा नियम इथे अपुरा पडला. तपासणीला बगल देऊन विंडोज ११ टाकता येते आणि बाजारात तसे सर्रास झाले, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. जी हमी आम्हाला मिळत नाही ती आम्ही ग्राहकाला कोणत्या तोंडाने द्यावी? आम्ही ती चाळीस मशीन विंडोज १० वर, तोटा सोसून विकली आणि विंडोज १० ला कंपनीचा आधार (अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपेल असे प्रत्येक पावतीवर हाताने लिहून दिले.

ती तारीख उलटून गेल्यावर पावत्या घेऊन लोक येऊ लागले. ज्यांचे काम ब्राउझर आणि पत्रव्यवहारापुरते आहे त्यांना आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून देतो. ज्यांचे हिशेब विंडोजवर चालणाऱ्या टॅलीवर आहेत त्यांना आठव्या पिढीचे वापरलेले मशीन देऊन जुने त्याची किंमत धरून परत घेतो. त्यातच २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव पुन्हा भडकले, या वेळी भूकंपाविना, एआयच्या डेटा सेंटरांनी माल ओढून नेल्यामुळे. त्यामुळे सध्या आम्ही ८ जीबीची एकच रॅम बसवून देतो. एका रॅमवर मदरबोर्डवरचा डिस्प्ले थोडा मंद चालतो, हे खरे आहे आणि ते आम्ही ग्राहकाला आधीच सांगतो. दुसरा स्लॉट धूळ जाऊ नये म्हणून कागदी चिकटपट्टीने झाकायचा आणि तिच्यावर त्या दिवशीचा रॅमचा भाव पेनाने लिहून ठेवायचा; भाव उतरला की ग्राहकाला फोन करण्याचे काम भावाच्या मुलीने अंगावर घेतले आहे.