शेऱ्याचा रकाना

मंगळवेढ्याकडच्या एका गावात आमची गाडी थांबली, तशी मावशींनी पहिलं हेच विचारलं, “खुर्ची परत न्यायला आलात व्हय?”

व्हीलचेअर पडवीत होती. तिच्यावर ज्वारीचं पोतं. माझ्या फॉर्मात ‘साहित्य वापरात आहे का? हो / नाही’ एवढाच प्रश्न. मी ‘नाही’वर खूण करणार, तोच दादांनी कुबडी आडवी घातली. “थांबा मॅडम.”

दिव्यांगांशी संबंध येणाऱ्या योजनांचं सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांना सोबत घेऊन केलेली तपासणी, सरकारने करावी, असं २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम ४८ सांगतं. दिव्यांगांना व्हीलचेअरसारखं साहित्य देणारी केंद्राची एडिप योजना तर १९८१पासूनची. शिबिरात तपासणी, मग वाटप, हारतुरे, फोटो. वाटलेल्या वस्तूचं वर्षभराने काय झालं, ते बघायला आम्ही निघालो होतो. मी फिजिओथेरपिस्ट, दादा दिव्यांग संघटनेचे. खरं सांगते, संघटनेचा माणूस सहीपुरता, असाच माझा समज होता.

दादा उंबऱ्यावर टेकले. “रात्री संडासला कशा जाता, मावशी?”

मला हे विचारायला अर्धा तास लागला असता.

मावशींनी कोपऱ्यातला पाट पुढे ओढला. खाली चार बेअरिंगं, भावाने गॅरेजातून आणून ठोकलेली. हातांत रबरी चपला अडकवल्या आणि बघता बघता त्या अंगण ओलांडून गेल्या. खांद्यांवर किती ताण येतोय ते मला दिसत होतं. बोललेही तसं.

“दुखत्यात की खांदं. पण कुणाला हाक मारावी लागत न्हाय.”

मग टेप काढली. खुर्ची चाकांसकट २६ इंच, घराचं दार २३. संडासाचं त्याहून अरुंद, वर दोन पायऱ्या. शिबिरात मावशींचं माप घेतलं होतं, दाराचं कोण घेणार?

दादांनी तिथूनच ग्रामसेवकांना फोन लावला. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो, त्यातून उतार आणि मोठं दार होईल का? पलीकडून “बघतो.” फोन ठेवून ते मावशींना म्हणाले, “खुर्ची राहू द्या. ज्वारी पण.”

शेऱ्याचा रकाना एका ओळीचा. मी कागद उलटा केला, मागे दारांची मापं लिहिली, पाटाचं चित्र काढलं, बेअरिंगांसकट.

संध्याकाळी ऑफिसात माहिती भरणाऱ्या मुलाने कागद दोन्हीकडून बघितला. म्हणाला, “मॅडम, हो टाकू की नाही?”