परत येणारा कागद

महोत्सवी स्मरणिकेत आठवणी सांगणारे माजी विद्यार्थी पुष्कळ असतील. त्यांची जागा न अडवता मी शाळेच्या बातमीपत्राविषयी लिहितो. दर महिन्याला दप्तरातून घरी जाणारा हा कागद नीट काढला तर पालक शाळेत येतात. नाहीतर तो डब्याखाली चुरगळून जातो.

पालकांना बोलावणाऱ्या प्रत्येक बातमीत नेमकी मागणी हवी. ‘पालकांनी सहकार्य करावे’ याला कोणी उत्तर देत नाही, कारण करायचं काय तेच कळत नाही. ‘ग्रंथालयाच्या ६० पुस्तकांना कव्हरं घालायला शनिवारी १० ते ११.३० चार जण हवेत. कात्री आणावी’ असं लिहिलं की नावं येतात. संपण्याची वेळ लिहिलीच पाहिजे; कामावरून वेळ काढून येणाऱ्याला परत कधी निघता येईल हे आधी कळावं लागतं. धाकटं भावंड सोबत आणलं तर चालेल का, हेही एका ओळीत सांगावं. आणि दिवसभर मोकळीक नसलेल्यांसाठी घरी नेऊन करण्याजोगं एखादं काम ठेवावं: शब्दपट्ट्या कापणं, फाटकी पुस्तकं चिकटवणं.

खाली कापून द्यायची चिठ्ठी असते, तिथे हमखास घोटाळा होतो. कार्यक्रमाची तारीख चिठ्ठीवरच छापली तर चिठ्ठीबरोबर तारीखही शाळेत परत येते आणि घरी काहीच उरत नाही. म्हणून तारीख, वार, वेळ, जागा वरच्या भागात. चिठ्ठीवर फक्त मुलाचं नाव, इयत्ता, ‘येऊ / येणार नाही’ आणि सही. चिठ्ठीच्या पाठीमागची जागा कोरी सोडावी. छापण्याआधी तारीख आणि वार कॅलेंडरशी ताडून पाहावेत. ते जुळत नसतील तर निम्मे पालक एका दिवशी येतात, निम्मे दुसऱ्या. प्रती मोजताना विद्यार्थी नव्हे, कुटुंबं मोजावीत आणि भावंडांपैकी कोणाकडे प्रत द्यायची ते वर्षारंभीच ठरवावं. आई-वडील वेगळे राहत असतील तर प्रती दोन.

आता मजकुराविषयी. अंक दरवेळी त्याच बक्षीसविजेत्यांनी भरला की बाकीच्या घरांतून वाचणं थांबतं. वर्गात ३० मुलं आणि वर्षाला १० अंक असतील तर दर अंकात तिघांचं लेखन घेतल्यास वर्षभरात प्रत्येकाचं नाव एकदा येतं. ही यादी जूनमध्येच करून भिंतीवर लावावी. मुलांनी स्वतः लिहिलेल्या चार ओळी शिक्षकांच्या पानभर अहवालापेक्षा जास्त वाचल्या जातात, असं माझं ठाम मत आहे. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने १९२० च्या दशकात वर्गातच छोटं छपाईयंत्र आणलं, मुलांकडून त्यांचंच लेखन छापून घेतलं आणि ते दूरच्या शाळेशी देवाणघेवाणीत पाठवलं. आपल्याला तर झेरॉक्स पुरतं. फक्त चित्रं काळ्या पेनाने काढून घ्यावीत. पेन्सिलीची रेघ झेरॉक्समध्ये पुसट उमटते आणि फोटोंचे काळे डाग होतात.

फोनवर पाठवताना वेगळीच अडचण. जुन्या, युनिकोड (सगळ्या फोन-संगणकांना समजणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तिथे चिकटवला की निव्वळ चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये टाइप करावं, अंक पीडीएफ करून पाठवावा आणि मुख्य सूचना साध्या मजकुरात वेगळी द्यावी. फाइल उघडण्याचे कष्ट थोडेच जण घेतात. पालकांच्या गप्पांच्या गटात सूचना शुभेच्छांखाली गाडली जाते. सूचनांचा गट निराळा, आणि त्यात फक्त शाळेने लिहावं. वाचता न येणाऱ्या पालकांसाठी तीच सूचना मिनिटभराच्या आवाजी संदेशात द्यावी. मुलाचा फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकू नये आणि संमती असली तरी फोटोखाली पूर्ण नाव देऊ नये.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जॉइस एपस्टीन यांनी कुटुंबाच्या सहभागाचे सहा प्रकार मांडले आहेत: पालकत्वाला आधार, संवाद, स्वयंसेवा, घरचा अभ्यास, निर्णयात वाटा आणि परिसराशी सहकार्य. बहुतेक शाळा पहिल्या तिनांतच अडकतात. निर्णयात वाटा द्यायचा तर सहलीचं ठिकाण ठरल्यावर कळवून भागत नाही. ठरण्याआधी दोन पर्याय चिठ्ठीवर छापावे लागतात आणि कुठल्या बाजूला किती मतं पडली ते पुढच्या अंकात सांगावं लागतं. हे राहिलं की पुढच्या वेळी चिठ्ठ्या कमी येतात.

प्रत्येक अंकाच्या दोन प्रती शाळेत जपाव्यात, आणि त्यांवर वर्ष छापलेलं असावं. नुसतं ‘मंगळवार, १२ तारखेला’ असलेल्या अंकापुढे स्मरणिकेचं संपादक मंडळ हतबल होतं.