एका मनोऱ्याचं चर्च

आज जुन्या गोव्यात से कॅथेड्रल निवांत बघितलं. दरवेळी आपण बॉम जिझसला रांग लावतो, फोटो काढतो आणि समोरचं हे एवढं मोठं पांढरं चर्च नुसतं बघून गाडीत बसतो, वेडेपणा आहे खरंतर. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने 25 नोव्हेंबर 1510 ला गोवा घेतलं, तो सेंट कॅथरीनचा दिवस, म्हणून चर्च तिच्या नावाचं. काम 1562 ला सुरू झालं आणि 1619 पर्यंत चाललंच होतं!! बाहेरून तसं साधंच, चिऱ्याचा दगड आणि वर चुन्याचा गिलावा, पण आत गेलं की मान वर करून करून दुखते, आणि ती मुख्य वेदी, सगळी सोनेरी, सेंट कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले, मी तिथेच बाकावर बसून राहिले. मनोरे आधी दोन होते, 1776 मध्ये एक कोसळला तो परत कोणी बांधलाच नाही. उरलेल्यात ती प्रसिद्ध सोन्याची घंटा (नावालाच सोन्याची हं). मला तर लगेच चिमाजीअप्पांच्या वसईच्या स्वारीनंतर आपल्या देवळांत आलेल्या पोर्तुगीज घंटा आठवल्या, भीमाशंकरला आहे बघा एक. नवरा मात्र बाहेर सावलीत सोलकढी शोधत होता.