पावतीची शेवटची ओळ

हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगच्या काट्यावर मी पोहोचलो, तेव्हा कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती आणि मुनीमजी छापील पावत्यांवर निव्वळ वजन पेनाने लिहीत होते. काट्याचा संगणक ऐंशीच्या दशकातला, ८०८५ प्रोसेसरचा, आणि त्याला सिरीयल जोडणीचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर लावलेला. पावती तीनदा छापली जाई. पहिल्या दोन प्रती कार्यालयाच्या आणि फाटकाच्या, तिसरी शेतकऱ्याची. नेमकी तिसऱ्या प्रतीची शेवटची ओळ गळत होती, आणि ती ओळ निव्वळ वजनाची होती. “साहेब, माह्याच कागदावर वजन काहून नाही येत?” असे एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, त्याचे उत्तर तेव्हा माझ्यापाशी नव्हते.

माझ्या आधी येऊन गेलेल्या कारागिराने प्रिंटरचे हेड बदलायला सांगितले होते. चाचणीला त्याने एकच प्रत छापली असणार, कारण एक प्रत नेहमीच शुद्ध येई. मी पावतीच्या पाठीवर आकडेमोड केली. वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला तितके बिट; अक्षरामागे दहा बिट धरले तर सेकंदाला ९६० अक्षरे. प्रिंटर छापतो सेकंदाला शंभराच्या आसपास. त्याचा बफर, म्हणजे छापायची राहिलेली अक्षरे साठवायची जागा, दोन किलोबाइटचा, साधारण दोन हजार अक्षरांचा. या हिशेबाने साधारण २२८० अक्षरे गेली की बफर काठोकाठ भरतो. एका प्रतीत सुमारे ८०० अक्षरे होती, म्हणजे तिन्ही मिळून २४००. उरलेली शंभर-सव्वाशे अक्षरे बहुतेक वाया जात होती. प्रिंटर ‘थांब’ म्हणतच नव्हता, किंवा म्हणत असूनही कोणी ऐकत नव्हते.

संगणकातले प्रिंटरच्या जोडणीचे कार्ड बाहेर काढले. पिनांत रुईचा तूस इतका साचला होता की तो ब्रशने झाडल्यावरच खालचे सोल्डरचे डाग दिसू लागले. अक्षरे प्रिंटरकडे सोडणाऱ्या ८२५१ चिपच्या १७ क्रमांकाच्या पायाला, म्हणजे ‘पाठव’ हा निरोप घेणाऱ्या सीटीएसला, कोणीतरी पाव इंचाची तार लावून थेट ग्राउंडला डाग दिला होता. हा पाय खाली खेचलेला असला की पलीकडचा घ्यायला तयार आहे असे चिप समजते आणि अक्षरे सोडत राहते. तार का टाकली असेल, तेही केबल उघडताच समजले. तीत तीनच तारा होत्या: जाण्याची, येण्याची आणि ग्राउंडची. सीटीएसची वाट १४८९ या रिसीव्हर चिपमधून येते, आणि तिचे तोंड मोकळे राहिले तर आतून ‘तयार नाही’ असाच निरोप निघतो, त्यामुळे कार्ड मुके होते. ऐन हंगामात काटा सुरू करायचा म्हणून त्या माणसाने ही युक्ती केली असावी. मीही कदाचित तेच केले असते, पण वहीत लिहून ठेवले असते.

प्रिंटरची पुस्तिका केव्हाच गहाळ झाली होती. थांबण्याचा इशारा काही प्रिंटर केबलच्या जोडातल्या २० क्रमांकाच्या पिनेवर देतात, काही ११ वर. मीटरची काळी तार ७ वर, म्हणजे ग्राउंडवर, धरली, लाल ११ वर, आणि मुनीमजींना प्रिंटरचे ऑनलाइनचे बटण दाबायला सांगितले. काहीच हलले नाही. लाल तार २० वर ठेवली, तर अधिक ११ व्होल्ट होते ते बटण दाबताच उणे ११ झाले. आरएस-२३२ या सिरीयल जोडणीच्या पद्धतीत नियंत्रणाच्या तारेवर अधिक दाब म्हणजे ‘तयार’, आणि १४८९ तो उलटवून चिपला शून्य देते. म्हणून मधे काही घालायची गरज नव्हती; प्रिंटरची २० कार्डाच्या ५ ला, म्हणजे सीटीएसच्या पिनेला, जोडली, ग्राउंडची तार उपटली आणि १४८९ पासून १७ पर्यंतची, तार लावताना त्या माणसाने तोडलेली पट्टी पुन्हा सांधली.

तीन प्रती सोडल्या. तिसरी संगणकातून निघत असताना मीटरवर उणे चिन्ह येई, क्षणभर थांबे, जाई, पुन्हा येई. कागद फाडून बाबांच्या हाती दिला. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून आकडा मोठ्याने वाचला.

आठवड्याने मुनीमजींचा फोन आला, “भाऊ, तुमी तार बदलवली तवापासून कागद सरला का काटाच अडून रायते.” मी म्हटले, कागद घाला, आपोआप पुढे चालेल. पलीकडे थोडा वेळ खडखड ऐकू आली, आणि मग प्रिंटर सुरू झाला.