मेकफाइल नाही म्हणतंय

रविवारी दुपारी एमएस्सीच्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. ग्रोमॅक्स, म्हणजे रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर, तो लॅपटॉपवर सोर्स कोडपासून बांधत होता. अशोक चौकाच्या मागे घर, खालीच माग. त्या खडखडाटात एवढंच ऐकू आलं, "मॅडम, मेकफाइलच नाही म्हणतंय!" म्हटलं, फोन ठेव, फोटो पाठव. फोटोत शेवटची एकच ओळ होती: ‘नो मेकफाइल फाउंड’. ही फाइल कुठून डाउनलोड करायची, ते तो शनिवारपासून शोधत होता.

मेकफाइल म्हणजे सॉफ्टवेअर कसं बांधायचं याच्या सूचनांची फाइल. ती डाउनलोड करायची नसते, सीमेक हे बांधणीची तयारी करणारं साधन ती तयार करतं. ती नाही म्हणजे सीमेकच अर्धवट थांबलंय. "वर जा, सीमेक काय म्हणालं ते पाठव." तिथे सरळ लिहिलेलं होतं: सीमेकची ३.१८.४ आवृत्ती हवी, तुमच्याकडे ३.१६.३ आहे. त्याच्या उबुंटू २०.०४ या लिनक्समध्ये तेवढंच येतं आणि ग्रोमॅक्स २०२३ ला ते पुरत नाही. मी वर्गात कळकळीने सांगते, पहिली एरर वाचा; शेवटची ओळ फक्त काम अडलं एवढंच सांगते.

पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने नवं सीमेक टाकलं आणि बिल्ड फोल्डर, म्हणजे बांधणीच्या फाइल्स साठतात ते, अख्खं उडवायला लावलं. ते ठेवलं तर कॅशमधल्या जुन्या नोंदी पुन्हा आड येतात. मग एफएफटीडब्ल्यू ही फूरिए गणिताची लायब्ररी सापडेना. त्याने ती स्वतः बांधली होती, पण डबल प्रिसिजनची, म्हणजे जास्त अंकांपर्यंत अचूक आकडेमोड करणारी. ग्रोमॅक्सच्या नेहमीच्या बिल्डला सिंगल लागते. ग्रोमॅक्सने ती स्वतःच बांधून घ्यावी म्हणून ‘बिल्ड ओन एफएफटीडब्ल्यू’ हा पर्याय ऑन केला, प्रश्न मिटला.

सोमवारी बांधून झालेलं ते फोल्डर त्याने पेनड्राइव्हवरून लॅबच्या जुन्या मशीनवर आणलं. चालवताक्षणी ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’. पोराचा चेहरा उतरला. "मॅडम, आपण काही बेकायदा केलं का?" त्याला शेजारी बसवलं. ग्रोमॅक्स ज्या मशीनवर बांधतो, तिथल्या प्रोसेसरच्या मापाने बेतलं जातं. त्याच्या लॅपटॉपात एव्हीएक्स-२ हा प्रोसेसरचा सूचनासंच आहे, लॅबचा आय-फाइव्ह तिसऱ्या पिढीचा, त्यात नुसतं त्याआधीचं एव्हीएक्स. ओळखीची नसलेली सूचना आली की प्रोसेसर नाकारतो, एवढाच त्या ‘इल्लीगल’चा अर्थ.

लॅबच्या मशीनवरच पुन्हा बांधलं. बाहेर ऊन रणरणत होतं, पंखा गरम हवा फेकत होता, तरी बांधणी तपासणारं ‘मेक चेक’ पूर्ण होईपर्यंत तो जागचा हलला नाही. सगळ्या चाचण्या पास झाल्या. पाण्यातल्या लायसोझाइम या प्रथिनाचं सिम्युलेशन संध्याकाळी सुरू केलं.