लेस्टरमधील सव्वा गुंठा: फेब्रुवारीअखेर ते मेअखेरची नोंद

इंग्लंडमध्ये घरगुती भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्याला अलॉटमेंट म्हणतात. १९०८ च्या कायद्याने अशी जमीन उपलब्ध करून देण्याची जबाबदारी स्थानिक परिषदांवर टाकली आहे. या जमिनीचे माप आजही ‘रॉड’ या जुन्या एककात सांगितले जाते, आणि पूर्ण तुकडा दहा रॉडचा, तर अर्धा पाच रॉडचा असतो. एका एकरात १६० चौरस रॉड बसतात, आपल्याकडे एकराचे ४० गुंठे होतात. म्हणजे चार रॉडचा बरोबर एक गुंठा. लेस्टरमध्ये माझ्या वाट्याला आलेला पाच रॉडचा तुकडा त्यामुळे नेमका सव्वा गुंठ्याचा आहे, आणि करारावर सही करताना हा हिशेब मनात जुळला तेव्हा मला झालेला आनंद मी अजून विसरलेलो नाही.

माझे बालपण निफाड तालुक्यातील काळ्या जमिनीत गेले. इथली माती तांबूस-करडी आहे, पण स्वभावाने ती त्याच काळ्या जमिनीची बहीण आहे. ओली असताना ती बुटाला किलो-किलोने चिकटते आणि वाळली की विटेसारखी टणक होते. पहिल्या दोन वर्षांत मी तारखा पाहून पेरण्या केल्या आणि दोन्ही वर्षी पस्तावलो. यंदा वडील ज्या एका शब्दावर सगळी शेती करत असत, त्या वाफशावरच, म्हणजे मातीतली ओल मशागतीला योग्य झाल्यावरच, सगळी कामे करायची, असे ठरवले. पुढील नोंद त्या प्रयत्नाची आहे.

२५ फेब्रुवारी

लवकर येणाऱ्या ‘रॉकेट’ आणि त्यानंतरच्या ‘शार्लट’ या वाणांचे बटाट्याचे बेणे अंड्यांच्या पुठ्ठ्यात, जास्त डोळ्यांची बाजू वर ठेवून, खिडकीजवळच्या थंड खोलीत मांडले. उजेडात फुटलेले कोंब आखूड, जाड आणि जांभळट-हिरवे राहतात. अंधारात ठेवले तर तेच लांब, पांढरे आणि हात लागताच मोडणारे होतात.

त्याच दिवशी जवळच्या एका तबेल्यातून घोड्यांच्या लिदीचे खत आले. चांगले मुरलेले, काळेभोर आणि गंधहीन असे ते खत पाहून ताबडतोब बटाट्याच्या सऱ्यांत पसरण्याचा मोह झाला. पण आधी चाचणी घेण्याचे ठरवले. सहा कुंड्या घेतल्या. तीन कुंड्यांत निम्मे खत आणि निम्मे विकतचे रोपमिश्रण, उरलेल्या तीन कुंड्यांत नुसते रोपमिश्रण भरले, आणि प्रत्येकीत ब्रॉड बीनचे, म्हणजे बाकल्याचे, तीन दाणे टोचून सर्व कुंड्या एकाच खिडकीत ठेवल्या. खताचा ढीग तोपर्यंत ताडपत्रीखाली झाकून ठेवला.

८ मार्च

चार दिवस पाऊस नव्हता, म्हणून वाफसा पाहायला गेलो. वीतभर खोलीवरची मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळला आणि कमरेच्या उंचीवरून टाकला. लाडू पडून चपटा झाला, फुटला नाही. अंगठ्याने घासल्यावर मातीला साबणासारखी चकाकी आली. अशा मातीत फावडे घातले तर कापलेल्या बाजू लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, त्यांतून पाणी झिरपत नाही आणि हवाही खेळत नाही. पायाखाली दबलेली जागा तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत मोकळी होत नाही. शेजारच्या तुकड्यावरील काका त्या दिवशी कांदे लावत होते. मी काहीच केले नाही. वाफ्यांवर काळे प्लास्टिक अंथरले, जेणेकरून पुढचा पाऊस अडेल आणि माती थोडी लवकर तापेल, आणि घरी परतलो. सगळीकडे कामाची लगबग दिसत असताना हात बांधून परत जाणे खरोखर अवघड असते, आणि या नोंदीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा दिवस हाच आहे.

२२ मार्च

आज लाडू पडताच भुगा झाला. वाफसा आला. १० सेंटिमीटर खोलीवर सकाळी नऊ वाजता मातीचे तापमान ७ अंश होते. मी दिवसाचे तापमान मुद्दाम धरत नाही, कारण दुपारच्या उन्हात वरचा थर फसवे आकडे दाखवतो. फळी टाकून, तिच्यावर उभे राहून, दाताळ्याने वरची माती भुसभुशीत केली आणि कांद्याचे सेट, म्हणजे सुपारीएवढे छोटे कांदे, १० सेंटिमीटरवर टोचले.

कांद्याविषयी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे, कारण लासलगावच्या परिसरातून आलेल्या माणसाला इथे आपल्याकडचे वाण लावण्याची इच्छा होणे साहजिक आहे. कांदा पोसायला कधी सुरुवात करायची हे दिवसाच्या लांबीवरून ठरवतो. आपल्याकडची वाणे साधारण अकरा-बारा तासांच्या दिवसाला गड्डा धरतात. लेस्टरमध्ये २१ मार्चलाच दिवस बारा तासांचा होतो आणि जूनमध्ये तो साडेसोळा तासांच्या पुढे जातो. त्यामुळे ती वाणे इथे वसंतात लावली तर पातीची पुरेशी वाढ होण्यापूर्वीच गड्डा धरू लागतात आणि हाती लिंबाएवढे कांदे येतात. इथे लांब दिवसांची ‘स्टुरॉन’सारखीच वाणे लावावीत. मी यंदाही तीच लावली आहेत.

२७ मार्च

चाचणीचा निकाल लागला आणि तो वाईट आहे. नुसत्या रोपमिश्रणातील रोपे वीतभर उंच, सपाट आणि रुंद पानांची आहेत. खत मिसळलेल्या तिन्ही कुंड्यांत मात्र सुरुवातीची पाने बरी असली तरी शेंड्याची नवी पाने द्रोणासारखी वाटोळी वळलेली, कडा आत मुडपलेली आणि शिरा एकमेकींना समांतर जाणाऱ्या अशी निघाली आहेत. एका रोपाचा शेंडा तर नेच्याच्या कोवळ्या कोंबासारखा गुंडाळला आहे. एकाच खिडकीत, एकाच पाण्यावर वाढलेल्या रोपांत हा फरक आहे, त्यामुळे शंकेला जागा नाही.

ही लक्षणे अमिनोपायरॅलिड या तणनाशकाची आहेत. कुरणातील रुंद पानांची तणे मारण्यासाठी ते फवारतात. गवताला त्याचा त्रास होत नाही, ते गवत खाणाऱ्या घोड्याच्या पोटातूनही ते न बदलता बाहेर पडते आणि लिदीत टिकून राहते. खताच्या ढिगात ते फार सावकाश नाहीसे होते. मातीत मिसळल्यावर तेथील सूक्ष्मजीव त्याचे विघटन करतात, पण त्याला कित्येक महिने लागतात. बटाटा, टोमॅटो, वाटाणा, घेवडा आणि गाजर या पिकांना त्याची अत्यल्प मात्राही पुरते. खत मुरलेले आहे म्हणून ते निर्धोक आहे, हा समज मी स्वतः बाळगून होतो. तबेल्याच्या मालकांना कुंड्या नेऊन दाखवल्या. त्यांनी वैरण बाहेरून विकत घेतली होती आणि तिच्यावर काय फवारले गेले होते याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी सगळा ढीग परत नेला, आता तो त्यांच्याच गवताळ कुरणावर पसरला जाईल. मित्रहो, बाहेरून आणलेले खत कितीही चांगले दिसो, त्यात आधी बाकल्याचे तीन दाणे लावून महिनाभर थांबा.

३० मार्च

माती ९ अंश. गुड फ्रायडेला बटाटा लावण्याची इथे जुनी प्रथा आहे. पण हा सण २० मार्चपासून २३ एप्रिलपर्यंत कुठेही येत असल्याने मी मातीचेच ऐकले. ६० सेंटिमीटर अंतरावरील चार सऱ्यांत, ३० सेंटिमीटरवर एक याप्रमाणे, कोंब वर ठेवून चोवीस बटाटे लावले. लिदीऐवजी स्वतःच्या ढिगातले पालापाचोळ्याचे कंपोस्ट घातले. ते जेमतेम तीन सऱ्यांना पुरले.

३ ते २६ एप्रिल

मेथीच्या दोन पेरण्या केल्या, आणि वाफसा व उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांनी मला शिकवले. पहिली पेरणी ३ एप्रिलला झाली. वाफसा उत्तम होता, पण रात्री थंड झाल्या होत्या आणि माती ७ अंशांवर उतरली होती. स्वयंपाकघरातल्या डब्यातलीच मेथी रात्रभर भिजवून ओळीत पेरली. उगवण सुरू व्हायला सतरा दिवस लागले, आणि तीही ओळीत भगदाडे ठेवून. उकरून पाहिले तेव्हा कित्येक दाणे फुगून, बुरशीच्या पांढऱ्या तंतूंनी वेढून कुजलेले आढळले. दुसरी पेरणी २० एप्रिलला, माती ११ अंशांवर असताना, त्याच डब्यातून केली. सहाव्या दिवशी सगळी ओळ एकदम वर आली. काही रोपांच्या दोन दळांवर दाण्याचे पिवळे टरफल टोपीसारखे अजून अडकलेले होते. दोन्ही ओळी आज शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि सतरा दिवस उशिरा पेरलेली ओळच अधिक दाट आहे.

वाटाण्याचे कोंब दिसताच पारवे उतरले. इथले रानपारवे अंगाने मोठे असतात आणि एका सकाळीत आख्खी ओळ खुडून टाकतात. आता काठ्यांवर जाळी ताणली आहे.

गोगलगायींचा त्रास एप्रिलच्या पावसापासून सुरू झाला. मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्यांवर २०२२ च्या वसंतापासून ब्रिटनमध्ये बंदी आहे, आणि ती मला योग्यच वाटते, कारण त्या गोळ्या पक्ष्यांनाही मारतात. मी दोन उपाय केले. माती ५ अंशांपेक्षा उबदार झाल्यावर गोगलगायींवर जगणारे सूत्रकृमी पाण्यात कालवून सऱ्यांवर घातले, आणि पाऊस पडून गेल्यावर रात्री दहा वाजता बॅटरी घेऊन बिनशंखाच्या गोगलगायी हाताने वेचल्या. पहिल्या रात्री अर्ध्या तासात त्र्याण्णव सापडल्या, तिसऱ्या रात्री एकवीस. कोबीच्या रोपांवरील भोके त्यानंतर स्पष्टपणे कमी झाली आहेत.

९ मे

काल रात्री दहिवर, म्हणजे गोठलेले दव, पडले. हवामानाच्या अंदाजात किमान तापमान २ अंश होते, म्हणून अनेक जण निश्चिंत राहिले. परंतु अंदाजातील आकडा जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवरच्या हवेचा असतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमीन आपली उष्णता वेगाने गमावते, थंड व जड हवा तळाशी साचते आणि पानांच्या पातळीवर तापमान शून्याखाली जाते. माझा तुकडा उताराच्या तळाशी, दाट कुंपणाला लागून आहे. वरून वाहत आलेली थंड हवा तिथे अडून राहते.

संध्याकाळी बटाट्यांना मातीची भर दिली आणि वर फ्लीसचे पांढरे कापड अंथरले. कापड तीन सऱ्यांनाच पुरले, आणि चौथ्या सरीसाठी जुन्या चादरी आणायला घरी परत जाण्याचा मी आळस केला. सकाळी सात वाजता त्या सरीची पाने काचेसारखी पारदर्शक दिसत होती आणि नऊ वाजेपर्यंत ती उकडलेल्या पालकासारखी काळी पडून लोंबू लागली. दुर्दैवाने कंपोस्ट न मिळालेली सरीही हीच. टोमॅटो, मिरची आणि फरसबीची रोपे घरातच होती, म्हणून वाचली. लेस्टरच्या परिसरात मेच्या उत्तरार्धापर्यंत दहिवराची भीती सरत नाही. म्हणून एप्रिलच्या उबदार आठवड्यात दुकानांत टोमॅटोची रोपे मांडलेली दिसली तरी ती घाईने मोकळ्या जमिनीत लावू नयेत.

२१ मे

गारठलेल्या सरीत मातीखालच्या डोळ्यांतून नवे कोंब फुटले आहेत. ही झाडे इतरांपेक्षा दोन आठवडे मागे राहतील, पण मेलेली नाहीत.

शरदात पेरलेल्या बाकल्याला खालच्या शेंगा धरल्या आणि लगोलग शेंड्यांवर काळा मावा आला. मावा कोवळ्या शेंड्यावरच बसतो, म्हणून खालच्या शेंगा धरल्यावर शेंडे चार बोटे खुडून टाकावेत. माव्याचे शेंडे कचऱ्यात गेले. स्वच्छ निघालेले टोपलीभर शेंडे लसूण, सुकी मिरची आणि मूगडाळ घालून परतले. चवीला ती भाजी मटारच्या कोवळ्या पानांसारखी लागते.

मेथीची पहिली जुडी आज निघाली. मुळासकट उपटलेल्या रोपांच्या मुळांवर फिकट गुलाबी गाठी होत्या. मेथी शेंगवर्गातली असल्याने या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र बांधतात. पुढच्या जुड्या उपटण्याऐवजी जमिनीलगत कापणार आहे, म्हणजे मुळे मातीतच राहतील आणि त्या जागी लावायच्या नवलकोलाला त्यांचा उपयोग होईल. कोथिंबीर मात्र लांब दिवसांमुळे वीतभर होताच फुलावर येते आहे. ती आता भिंतीच्या सावलीत, दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरतो आहे.

३१ मे

माती १५ अंश. फरसबीची रोपे बांबूंच्या मांडवाशी आणि टोमॅटो खांबांशी लावून झाले. ‘रॉकेट’च्या पहिल्या सरीत कळ्या दिसू लागल्या आहेत. एका झाडाच्या कडेची माती बोटांनी हळूच बाजूला केली. वाफसा असल्यामुळे ती सहज मोकळी झाली. आत कोंबडीच्या अंड्याएवढा एक बटाटा होता, इतक्या पातळ सालीचा की अंगठा लागताच साल सुटली. त्याच्यामागे आणखी दोन, सुपारीएवढे होते. तिन्ही तसेच ठेवले, माती परत लोटली आणि सरीला पाणी दिले. काढणीला दहा ते बारा दिवस आहेत.