एअर विंग म्हणजे रोज विमान नव्हे ओ

भाची पुण्यात कॉलेजला गेली आणि तिथं एनसीसीच्या एअर विंगमध्ये सिलेक्ट झाली, तेव्हापासून आमच्या ताईनं सोलापुरात अख्ख्या विजापूर रोडला सांगून ठेवलंय की पोरगी विमान चालवायला शिकालीय. दूधवाल्याला पण माहितीये. मे महिन्याच्या सुट्टीत ती आली तर शेजारच्या काकांनी गेटवरच गाठलं, "काय गं, किती उंच नेलीस?" ती म्हणाली, काका, सध्या बुटाला पॉलिश कसं चमकवायचं तेच चाललंय.

मी पण एनसीसीवालाच, पण आर्मी विंग. सोलापुरात बटालियन, म्हणजे खाकी. एअर विंगची युनिटं, म्हणजे एअर स्क्वाड्रन, मुंबई, पुणे, नागपूरला. एनसीसी १९४८ ची, एअर विंग १९५० पासूनची, पण आमच्यासारख्यांना निळा युनिफॉर्म दिसायचा तो फक्त एखाद्या मोठ्या कॅम्पला, आणि आम्ही त्या पोरांना नावं ठेवायचो. खरं सांगायचं तर जळायचो. भाचीला विचारलं की तुमचं वेगळं काय असतं, तर कळलं निम्मं सेमच आहे. पहाटेचा फॉलिन म्हणजे रांगेत उभं राहणं, दाहिने मुड, १० दिवसांचा कॅम्प, .२२ ची फायरिंग, चुकलं की रगडा. फक्त आम्ही जिथं नकाशा आणि होकायंत्र घेऊन शेतातनं भटकायचो तिथं हे लोक हवामान, नेव्हिगेशन, इंजिन आणि विमान हवेत राहतंच का हे शिकतात.

आणि ते नुसतं पाठांतर नाही बरं का. आपल्या विमानतळाजवळची साखर कारखान्याची चिमणी, २०२३ च्या जूनमध्ये पाडली ती, तिच्यावरनं गावात वर्षानुवर्षं किती भांडणं झाली, मी स्वतः चहाच्या टपरीवर दोन्ही बाजूंनी भांडलोय. पण ९० मीटरच्या आसपासची चिमणी विमानाला आडवी येते म्हणजे नेमकं काय, ते या पोरीनं जेवताना ताटात बोटानं रेघ ओढून सांगितलं. उतरणारं विमान साधारण ३ अंशांच्या उतारावर येतं, म्हणजे जिथं टेकायचं त्याच्या १ किलोमीटर आधी ते जेमतेम ५०-५२ मीटर वर असतं. मामा, आता सांग, पायलट काय करणार? मी गप भाकरी खाल्ली.

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर. मिळतं, उडायला मिळतं, पण रोज नाही. दोन सीटचं छोटं मायक्रोलाइट असतं, शेजारी पायलट बसतो, थोडा वेळ वरून चक्कर होते, आणि कधी नंबर लागेल ते हवामान आणि विमानाच्या मर्जीवर. ही वर्षभर वाट बघालीय. त्या विमानाचं नाव व्हायरस एसडब्ल्यू ८०, स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीचं, इंजिन ८० हॉर्सपॉवरचं. ताईनं नाव ऐकलं आणि तांब्या खाली ठेवला. "व्हायरसमध्ये बसणार? नको गं बाई!" इकडं त्याला गरुड म्हणतात हे सांगितल्यावर कुठं शांत झाली.

पुढचा हिशोब पण तिनं घालून ठेवलाय. ३ वर्षं पूर्ण करून एअर विंगचं सी सर्टिफिकेट काढलं की एअर फोर्सच्या फ्लाइंग ब्रँचला एनसीसी स्पेशल एन्ट्रीतनं अर्ज करता येतो, एएफकॅट ही एअर फोर्सची लेखी प्रवेश परीक्षा द्यावी लागत नाही, सरळ एएफएसबीची म्हणजे एअर फोर्सच्या निवड मंडळाची मुलाखत. पण बारावीला मॅथ्स-फिजिक्स पाहिजे आणि तिथली पायलटची जी टेस्ट असते ती आयुष्यात एकदाच. नापास झालात की फ्लाइंगचा विषय संपला. हे ताईला अजून सांगितलेलं नाहीये.

तर मग वर्षभर करतात काय? एरोमॉडेलिंग, म्हणजे विमानाची छोटी मॉडेलं बनवायची! आमच्या घरात ८ दिवस तेच चाललं होतं. बाल्साचं लाकूड इतकं हलकं की पंखा लावला की उडून जायचं, म्हणून ४२ डिग्रीत पंखा बंद ठेवून घामाघूम होत ब्लेडनं पंख कापायचे, मग पॉलिश पेपरनं घासायचे, पुढची कड गोल आणि मागची निमुळती. हातानं फेकायचं ग्लायडर, इंजिन वगैरे काही नाही. सगळा खेळ तोलाचा. पंखाच्या रुंदीचा पुढचा साधारण तिसरा भाग संपतो तिथं खालून दोन बोटं लावायची आणि ते सरळ राहिलं पाहिजे. आमचं शेपटीवर बसत होतं. नाकाला लावायला क्ले घरात नाही, म्हणून ताईच्या परातीतली कणीक चिकटवली.

सकाळी ६ ला होम मैदानावर मस्त गेलं. सरळ, अलगद, एकदम झकास. दुपारभर गच्चीच्या खोलीत ठेवलं आणि संध्याकाळी फेकलं तर नाक वर करतंय, थांबतंय, पडतंय, परत नाक वर. मी म्हटलं पंख वाकला असेल. ती बोटांवर तोलून बघत बसली, मग हसायलाच लागली. कणीक वाळली होती ओ! पाणी उडालं, वजन घटलं, नाक हलकं. मग दाढीच्या ब्लेडचा बारीक तुकडा चिकटवला आणि प्रश्न मिटला.

शेवटच्या दिवशी उठायला उशीर झाला, मैदानावर पोचेपर्यंत ९ वाजून गेलेले, जमीन तापायला लागलेली. तिनं फेकलं, ग्लायडर एक गोल फिरलं आणि खाली यायच्या ऐवजी वरच निघालं. क्रिकेटवाली पोरं पण बॅट धरून बघत उभी राहिली. "मामा, थर्मल!" एवढंच ओरडली. थर्मल म्हणजे तापलेल्या जमिनीवरनं वर चढणारी गरम हवा. ते गोल गोल फिरत झाडांच्या वर गेलं, किल्ल्याच्या बाजूला सरकलं, मग मला दिसेनासं झालं. ८ दिवसांची मेहनत गेली म्हणून मी चुकचुकलो, तर ती मान वर करून मोजतच होती, एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस...